उजव्या खांबावरचा हिरवा दिवा

८ फेब्रुवारी

माननीय इंजिनीअरबाईंस, म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलीस, जी तीन वर्षं माझ्या घरी राहून, माझ्याच टेबललॅम्पखाली शिकली आणि आता मला गाडी चालवायला शिकवते,

अनेक आशीर्वाद. थोडे जास्तीचे तुझ्या कंपनीच्या गाडीला, तिला गरज आहे.

तुमच्या कंपनीने नव्या फोर्कलिफ्टबरोबर अभिप्रायाचा फॉर्म पाठवला. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चांदण्या, आवडेल तेवढ्या रंगवायच्या. ‘खडबडीत जमिनीवर वाहन वळवताना आपण किती समाधानी असता?’ अठ्ठावीस वर्षं फोर्कलिफ्टवर काढलेल्या माणसाचं समाधान चांदण्यांत मावत नाही, म्हणून फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ‘हं, हं’ म्हणतेस आणि दुसऱ्या हाताने टाइप करत असतेस, ते मला ऐकू येतं.

तुमच्या माहितीपत्रकात गाडी हिरवळीवर उभी आहे आणि शेजारी एक बाई हसते आहे. आमच्या यार्डात हिरवळ नाही आणि हसणारंही कुणी नाही. खाणीतून दगड येतो, कापला जातो, लाद्यांचे गठ्ठे होतात आणि ते मी रचतो. एका अंगाला उतार, मधोमध डंपरांनी पाडलेल्या चाकोऱ्या, आणि करवतीचं पाणी वाहून सगळीकडे राड. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, पण आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे, आणि त्यावर नाचायचं ते तीन टनांची लादी हातात घेऊन.

आधी गुण सांगतो, नाहीतर म्हणशील मामा कुजकट. मागचा एक्सल मध्यावर झुलतो, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत. जुन्या गाडीत एक चाक हवेत असायचं आणि माझा जीवही. उतारावर अख्खा सांगाडा एका अंगाला झुकवून ओझं ओळंब्यात आणता येतं. गाडी न हलवता नुसते काटे डावी-उजवीकडे सरकवता येतात. आणि पायाखाली तो पेडल आहे ना, ज्याने इंजिन जोरात चालू ठेवून गाडी मात्र मुंगीच्या पावलाने पुढे जाते, तो ज्याने शोधला त्याला माझा नमस्कार सांग. तो नक्की तुमच्या ऑफिसातला नसणार.

आता चाकं. वळायच्या तीन तऱ्हा दिल्यात. एकीत फक्त पुढची दोन वळतात. दुसरीत चारी, मागची पुढच्यांच्या उलट, म्हणजे गाडी जागच्या जागी गिरकी घेते. तिसरीत चारी एकाच दिशेला, म्हणजे खेकडा. एक बटण फिरवलं की तऱ्हा बदलते. फक्त बदलण्याआधी मागची चाकं सरळ करून घ्यायची, नाहीतर ती वाकडी ती वाकडीच अडकतात आणि मी समोर बघून सरळ निघालो तरी गाडीचं बूड भलतीकडे जातं. चाकं सरळ झाली की हिरवा दिवा लागतो. छान. तो दिवा बसवलाय कुठं, तर उजव्या खांबावर, माझ्या कानाच्या शेजारी. मी बघतो पुढे, ओझ्याकडे. कानाने बघायची विद्या मला अजून आलेली नाही.

नशीब माझ्याबरोबर शिट्टी आहे. खुणा करणारा माझा जोडीदार. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. गाडीबरोबर चालायचं, चाकं सरळ झाली की दोनदा फुंकायचं, थांबायचं असेल तर एकदा लांब. तुमच्या दिव्यापेक्षा तो शंभर पटीने बरा, फक्त मधूनच स्वतःच्या सुनेबद्दल बोलायला लागतो.

चांदण्या रंगवलेल्या नाहीत. तुझ्या मामीचा रंगीत खडू नातवाने खाल्ला.

तुझा मामा

२१ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार, तुझ्या न रंगवलेल्या चांदण्यांसकट.

पत्र ऑफिसात सगळ्यांसमोर वाचलं, हसणाऱ्या बाईचा उल्लेख गाळून, कारण ती आमच्या साहेबांची मेहुणी आहे.

तू आम्हाला उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणत नाहीस एवढंच, बाकी सगळं म्हटलंस. तर उंटावरची परिस्थिती ऐक. माझं टेबल खिडकीपासून तिसरं. खिडकीबाहेर आमचं चाचणीचं मैदान. खडबडीत जमीन आम्ही सिमेंटची बनवून घेतली आहे. प्रत्येक खड्डा वीस सेंटिमीटर, कमी नाही, जास्त नाही, आणि पाऊस आला की त्यांवर झाकणं घालतात. तिथे आमची गाडी फार गुणाने वागते.

दिव्याचं मात्र तू माझ्या मनातलं लिहिलंस. गाडी कागदावर होती तेव्हापासून मी सांगते आहे की तो दिवा पुढे, नजरेच्या रेषेत हवा. साहेबांचं म्हणणं, पुढे आधीच अकरा दिवे आहेत, बारावा बघून ऑपरेटर गोंधळेल. शिवाय कुणाची तक्रारच नाही. बेचाळीस फॉर्म परत आले आणि बेचाळिसांनी दिव्यापुढे पाचही चांदण्या रंगवल्यात. परवा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, बेचाळीस जणांना दिसतो तो दिवा एकालाच का दिसत नाही, हे त्या एकाला विचारा.

मला काय, मी एका लेखी तक्रारीची वाट बघत होते. आली ती अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाची. आंधळा मागतो एक डोळा, तशी माझी गत झाली. आता एक कर. हेच सगळं शहाण्या माणसाच्या भाषेत, तारीख आणि सही घालून, वेगळ्या कागदावर लिहून दे. त्यात मी तुझी भाची असल्याचं लिहू नकोस, आणि सुनेचंही नको.

मामीला नमस्कार. खडू खाल्लेला बरा आहे ना?

तुझी,
उंटावरची

१० मार्च

उंटावरच्या भाचीस,

तक्रार वेगळ्या कागदावर जोडली आहे. ‘महोदय’ने सुरू होते आणि ‘आपला विश्वासू’ने संपते. मामीने वाचली आणि विचारलं, हा माणूस कोण.

त्या बेचाळीस जणांचं मला सांगू नकोस. चांदण्या दिल्या की माणूस रंगवतोच. आणि तुझ्या साहेबांना माझ्या नजरेबद्दल काही सुचवायचं असेल तर त्यांना सांग, दर दोन वर्षांनी डॉक्टर येतो, भिंतीवर तक्ता लावतो, एकेक डोळा झाकायला लावतो, आणि मी वरपासून खालपर्यंत एक अक्षर न चुकता म्हणतो. मागच्याच महिन्यात पास झालोय. अठ्ठावीस वर्षं तोच तक्ता आहे. हे मी का सांगतोय कुणास ठाऊक, तू काही विचारलं नव्हतंस.

घरी ठीक. मामीने बैठकीतलं कपाट हलवून दाराजवळ ठेवलं आहे, त्यामुळे माझा खांदा रोज त्याच्यावर आपटतो. कपही हल्ली लहान करायला लागलेत, चहा ओतला की बशीत. जगाची घडीच बिघडली आहे.

एक गोष्ट मात्र गंमत नाही म्हणून लिहितो. निवृत्तीला माझी दोन वर्षं उरली. आमच्याकडे ज्याला गाडीवरून उतरवतात त्याला गेटवर बसवतात, येणाऱ्या-जाणाऱ्या डंपरांचे नंबर वहीत उतरवायला. आमचा जुना करवतवाला तिथं बसतो. लोक जाता-येता त्याच्याशी मोठ्या आवाजात बोलतात, जणू तो बहिरा आहे. मला त्या खुर्चीवर बसायचं नाही. मला गाडीवरूनच उतरायचंय, शेवटच्या दिवशी, स्वतःच्या पायांनी, चावी टेबलावर ठेवून. एवढीच हौस राहिली आहे. तेव्हा तो दिवा पुढे आणून दे.

तुझा मामा

२ मे

ती. मामा,

तुमच्याकडचे दोन दिवस फार छान गेले. मामीला सांग, साडेतीन किलो वजन वाढवून पाठवल्याबद्दल आभार.

यार्डात तुला गाडी चालवताना पाहिलं. घरी आपण कितीही टोमणे मारले तरी हे खरं सांगते, तुझ्यासारखं चालवणारं मी कुणी पाहिलेलं नाही. त्या दोन गठ्ठ्यांमधल्या बोळातून आमच्या चाचणीवाल्यांना गाडी न्यायला सांगितली तर ते आधी गठ्ठे हलवायला सांगतील. आणि तुझा तो शिट्टी. फुंकला की तू वळतोस, थांबला की तू थांबतोस. दोघांच्यात एक शब्द होत नाही.

आता बातमी. तुझी ‘आपला विश्वासू’वाली तक्रार साहेबांच्या टेबलावर तीन आठवडे होती आणि शेवटी कामी आली. १२ जूनला साहेब स्वतः दोघांना घेऊन तुमच्या यार्डात येणार आहेत. तुला काम करताना बघतील. दिव्याकडे बघायला तुला मान वळवावी लागते हे त्यांना डोळ्यांनी दिसलं की पुढच्या सगळ्या गाड्यांत दिवा समोर. मी दोन वर्षं भांडले त्याचा निकाल तू एका तासात लावशील. मी येणार नाही, भाचीने फितवलं असं कुणाला वाटायला नको.

मामीला सांग, टेबलावर सांडलेल्या चहाचं तिने मनाला लावून घेऊ नये. माझ्या मांडीवर थोडाच आला.

तुला एक विचारायचं होतं, ते राहून गेलं. पुन्हा कधीतरी.

तुझी भाची

२५ मे

साहेबांच्या लाडक्या भाचीस,

तयारी जोरात आहे. सुपरवायझरने यार्ड झाडून घेतलं. दगडाच्या यार्डात झाडू मारलेला मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मला नवं जाकीट मिळालं आहे, त्यात मी रस्त्यावरच्या अडथळ्यासारखा दिसतो.

शिट्टीला मी बजावलं आहे की त्या दिवशी शिट्टी खिशात. पाहुण्यांसमोर कुणीतरी माझ्यासाठी फुंकतोय आणि मी त्याच्या तालावर वळतोय, हे मला नको. त्यांना वाटेल म्हाताऱ्याला कुबडी लागते. नुसतं बरोबर चाल म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली. ती हो होती की नाही हे त्याच्या बायकोलाच कळेल.

तुझं विचारायचं राहिलं ते राहू दे. सगळंच विचारायचं नसतं.

मामा

१६ जून

प्रिय भाचीस,

साहेबांनी तुला सांगितलं असेलच. तरी माझ्या बाजूने लिहितो.

सगळं व्यवस्थित चाललं होतं. साहेब गठ्ठ्यांपाशी उभे होते, हातात पाटी, डोक्यावर नवंकोरं हेल्मेट, त्याचं प्लास्टिक काढायचं राहिलेलं. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीत मी चारी चाकांवर गिरकी घेऊन त्या बोळाच्या तोंडाशी आलो, चाकं सरळ केली, निदान मला सरळ वाटली, बटण फिरवून दोन चाकांवर आलो आणि आत निघालो. मागची चाकं सरळ नव्हती. बूड उजवीकडे सरकलं. शिट्टी तिथे होता, गाडी आणि गठ्ठा यांच्यामध्ये. त्याच्या उजव्या पायाचा घोटा आणि खालची हाडं, सगळं मोडलं. ओरडला नाही. ओरडले ते साहेब.

शस्त्रक्रिया झाली आहे. पाय राहील म्हणतात, पण पूर्वीसारखा नाही.

आता चौकशी. सुपरवायझर तुमचं पुस्तक घेऊन आला. पान एक्केचाळीस. ‘खूण करणाऱ्याने नेहमी वाहनाच्या पुढे, डाव्या बाजूस, चालकाच्या पूर्ण नजरेत उभे राहावे.’ तुझंच लिखाण ना? चांगलं लिहिलं आहेस, कुणालाही कळेल असं. शिट्टी मागे उजवीकडे होता. नेहमीच तिकडे असतो, सांगूनही ऐकत नाही. तेव्हा चूक त्याची असं वरच्यांचं मत आहे. ३० तारखेला चौकशीची बैठक आहे. तसा निकाल लागला तर त्याला परत कामावर घेणार नाहीत. तो चुकीच्या जागी उभा होता अशा जबाबावर मी सही करायची आहे. कागद माझ्याकडे आला आहे. अजून केलेली नाही, पण करावी लागेल. खोटं काही नाही त्यात. नियम तो नियम, मी काय करणार.

तुझा दिवा मात्र आता नक्की हलेल. साहेबांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं.

मामा

२१ जून

मामा,

यात आज टोमणे नाहीत. शोधू नकोस.

साहेबांचा अहवाल माझ्या टेबलावर आहे आणि त्याच्या शेजारी तुझं २५ मेचं पत्र आहे. अहवालात लिहिलंय की खूण करणाऱ्याने कोणतीही सूचना दिली नाही. पत्रात लिहिलंय की तू त्याला शिट्टी खिशात ठेवायला सांगितलं होतंस. हे तू १६ तारखेच्या पत्रात लिहिलेलं नाहीस. चौकशीतही सांगितलेलं नसणार.

आणि दुसरं. तुला उजव्या डोळ्याने दिसत नाही.

मला हे तुमच्याकडे आले तेव्हा कळलं. पहिल्या सकाळी तू माझ्या कपात चहा ओतलास आणि तो सरळ कपाच्या शेजारी पडला, आणि तू ओततच राहिलास. मामीने फडकं आणलं. लगेच आणलं, म्हणजे ते जवळच ठेवलेलं होतं. मग मी दोन दिवस बघत राहिले. तू कपाटावर आपटत होतास. मी उजवीकडून हाक मारली की अख्खा वळत होतास. त्या बेचाळीस जणांना दिवा का दिसतो आणि तुला का नाही, ते मला तिथेच, तुमच्या स्वयंपाकघरात कळलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. तू म्हणशील लाज वाटली असेल, मामाला कसं विचारायचं. तसं नाही. मला तुझी तक्रार हवी होती. दोन वर्षं त्या दिव्यासाठी मीटिंगमध्ये माझं हसं झालं होतं आणि माझ्या हातात पहिल्यांदाच एक कागद आला होता. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाचा चालक म्हणतो दिवा दिसत नाही. एका डोळ्याचा चालक म्हणतो असं लिहिलं असतं तर तो कागद केराच्या टोपलीत गेला असता. म्हणून झाकली मूठ मीही झाकलेलीच ठेवली, आणि वर साहेबांना तुझ्याकडे पाठवलं. तू शिट्टी खिशात ठेवायला लावलीस हे वाचून मी काय केलं माहीत आहे? हसले. उठून फोन करायला हवा होता.

तुझं चुकलं, माझं चुकलं आणि शिक्षा त्याला, तीही माझ्या एक्केचाळिसाव्या पानाने. असं होऊ देणार नाही.

काल मी साहेबांना सगळं लेखी दिलं. दिव्याची फाइल परत घेतली. माझं पुढे काय होईल ते होईल. तुझ्या चौकशीवाल्यांना मात्र मी काही पाठवलेलं नाही. ते तू सांगावंस असं मला वाटतं. २९ तारखेपर्यंत वाट बघेन, नंतर मी पाठवीन. तुला राग येईल. येऊ दे.

गेटवरच्या खुर्चीची तुला केवढी भीती आहे ते मला ठाऊक आहे. म्हणूनच हे लिहायला मला चार दिवस लागले.

तुझी भाची

४ जुलै

प्रिय भाची,

तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि फाडलं. मामीने चिकटपट्टीने जोडून जेवायच्या ताटाशेजारी ठेवलं. मग पुन्हा वाचलं. दोन दिवस मी तुला मनातल्या मनात जे काही बोललो ते लिहायला कागद पुरणार नाही. काल जन्मलेली पोरगी मला मुदत घालते, हा त्यातला सगळ्यांत सौम्य भाग.

मग ३० तारखेला गेलो. टेबलापलीकडे सात जण. सुपरवायझरने सहीचा कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, आधी डॉक्टरला बोलवा. आलाच होता, पायाच्या अहवालासाठी. मी म्हटलं, माझा डावा डोळा झाका आणि तक्ता लावा. त्याने लावला. मी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं म्हटली. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग मी म्हटलं, आता दुसरा कुठलाही कागद धरा. डॉक्टरने टेबलावरचं तुमचं पुस्तक उचलून धरलं. मला पुस्तक काय, डॉक्टरही दिसत नव्हता.

नंतर शिट्टी खिशात ठेवायला मीच सांगितल्याचंही सांगितलं. त्याच्यावरचा ठपका काढला. पाय बरा झाला की त्याला परत घेतील, बसून करायचं काम देतील. माझा परवाना तिथेच काढून घेतला. चावी मी टेबलावर ठेवली. हौस होती तशीच झाली म्हणायची, फक्त दोन वर्षं आधी. कालपासून गेटवर बसतो. जुना करवतवाला मला म्हणाला, या, आणि हे तो मोठ्याने म्हणाला.

डोळ्याच्या डॉक्टरकडे मामी घेऊन गेली, आरोपीला नेतात तशी. काचबिंदू आहे. उजवा गेला तो गेला, चार वर्षांपूर्वीच. डाव्यातही सुरुवात आहे, पण रोज थेंब घातले तर टिकेल. म्हणजे तू एप्रिलमध्ये बोलली असतीस तरी उजवा परत आला नसता, तेवढं मनातून काढून टाक. पायाचं मात्र आपण दोघांनी मिळून केलं. ते काढू नकोस, मीही काढणार नाही.

आणि दिव्याची फाइल पुन्हा साहेबांपुढे टाक. डोळा माझा वाईट होता हे खरं, पण दिव्याची जागाही वाईटच आहे. दोन डोळ्यांची माणसं आणून दाखव तुझ्या साहेबांना, चांदण्या न देता.

आता खरं काम राहिलं होतं, शिट्टीला भेटायचं. सात साहेबांपुढे बोलणं सोपं गेलं. इस्पितळाच्या जिन्यावर मात्र मी दोनदा परत फिरलो. मामी खालच्या पायरीवर उभी राहिली म्हणून तिसऱ्यांदा वर गेलो.

पाय प्लास्टरमध्ये, दोरीने वर टांगलेला. मी शेजारी बसून एका दमात सगळं सांगितलं. डोळा, तक्ता, जबाबाचा कागद, मी सही करणार होतो तेसुद्धा. तो खिडकीकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, “डोळ्याचं मला माहीत आहे. चार वर्षं झाली.”



“म्हणून तर उजवीकडून चालतो,” तो म्हणाला. “डावीकडचं तुला दिसतं की.”

मी विचारलं, मग त्या दिवशी चाकं वाकडी आहेत ते तुला दिसलं नाही का. तो म्हणाला, दिसलं. शिट्टी खिशात होती, हातही खिशात होता. एकदा लांब फुंकलं असतं तर तू थांबला असतास. पण पाहुणे उभे होते. ते म्हणाले असते, याला का फुंकावं लागतं, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून तो पुढे आला, गाडी आणि गठ्ठा यांच्यामध्ये, हाताने गाडीला थोपटायला. हलकेच थोपटलं तर मला कळेल आणि त्यांना ऐकू जाणार नाही, असं त्याला वाटलं. तेवढ्यात मी निघालो.

भाची, मी तिथं बसून रडलो. वॉर्डात वीस खाटा होत्या, सगळ्यांनी पाहिलं. मामीनेही पाहिलं, ती मागून वर आली होती. अठ्ठावीस वर्षं त्याला मी बडबड्या म्हणत आलो, आणि बोलायची ती एकच गोष्ट तो चार वर्षं बोलला नाही.

त्याने थोडा वेळ रडू दिलं. मग उशाशी ठेवलेलं स्वतःचं फडकं माझ्या हातात दिलं.

“पुरे आता,” तो म्हणाला. “डावा तरी नीट ठेव.”

तुझा मामा